खड्डा क्रमांक सात

खालून ठकूबाईने कुदळीचा दांडा तीनदा आपटला. दोन वेळा आवाज घट्ट आला, मातीचा येतो तसा. तिसऱ्यांदा तो पोकळ आला, रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसा.

"ऐकलंत का सर?"

मी खड्ड्याच्या काठापासून चार हात लांब उभा होतो. मला ऐकू आलं होतं.

"काय?" मी विचारलं.

"ह्यो कोपरा बोलतोय. वाईच उतरून बघा की."

शनिवारची दुपार होती. हिंगणीच्या पांढरीवर चिटपाखरू नव्हतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. राख, शेण, पडलेल्या भिंती अशी शेकडो वर्षांची माती साचून ते तयार होतं, आणि त्या मातीचा रंग पांढुरका असतो. या टेकाडाच्या पोटातून तालुक्याचा नवा बायपास जाणार होता. रस्त्याला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेची अट होती, की आधी पुरातत्त्व सल्लागार नेमून जागा तपासून घ्या. खात्याने जाहिरात दिली. तिघांनी अर्ज केले. दोघे मोठ्या शहरातले, नावाजलेले. तिसरा मी, वामन खांबेटे, तालुक्याच्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणारा आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणारा मास्तर. नेमणुकीचं पत्र मला आलं. मी ते तीनदा वाचलं, आणि पाकिटावरचं नाव चौथ्यांदा. आपल्यात काहीतरी पाहिलं असेल त्यांनी, असं वाटून मी आठवडाभर जरा ताठ चालत होतो.

काम सोपं होतं. रस्त्याच्या मधल्या रेघेवर नऊ चाचणी खड्डे. चार फूट लांब, चार फूट रुंद, आणि माणसाचा हात कधीच न लागलेली कोरी माती येईपर्यंत खोल. सातवा खड्डा नऊ फुटांवर गेला होता. पाच फुटांखाली गेलं की भिंतींना फळ्यांचा आधार द्यायचा असतो. मी फळ्या मागितल्या होत्या. उपअभियंता लोहोकरे सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सर, विहीर खणताय का?" सगळे हसले. मीही हसलो.

"सर?" ठकूबाईने खालून पुन्हा हाक मारली.

"कोरीच माती आहे ती, ठकूबाई," मी म्हणालो. "उंदराचं बीळ असेल. या वर."

भिंतीत कोरलेल्या खोबण्यांत पाय देत ती वर आली. बेचाळीस वर्षांची बाई, पण चढली एखाद्या पोरीसारखी. पदराने तोंड पुसून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सात नंबरात उतरलाच नाय."

"वरून दिसतंय मला सगळं."

"वरनं काय दिसतंय? माझं डोस्कं."

मी मांडीवर फाइल घेतली. प्रत्येक खड्ड्याचा एक छापील कागद होता. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: तळ सल्लागाराने स्वतः खाली उतरून पाहिला, होय / नाही. त्याखाली लोहोकऱ्यांची सही आधीच होती, 'समक्ष पाहिले' म्हणून. ते त्या आठवड्यात टेकाडावर फिरकलेही नव्हते. मी 'होय'वर खूण केली. ठकूबाईला अक्षरओळख नव्हती. पण माझा हात कागदावर किती वेळ थांबला होता ते तिने पाहिलं.

"मंग बुजवायचा का?"

"बुजवा," मी म्हणालो, आणि चारच्या एसटीने परत आलो. अहवाल त्याच संध्याकाळी लोहोकऱ्यांच्या घरी पोचवला. सोमवारी सकाळी पोकलेन येणार होतं.

मी का उतरलो नाही हे ठकूबाईला पक्कं ठाऊक होतं, आणि कागदावरच्या खोट्या खुणेपेक्षा त्याची लाज मला जास्त वाटत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, मी विद्यार्थी असताना, याच नदीच्या खालच्या अंगाला एका उत्खननावर तिचा बाप येसू आमचा मुख्य खणणारा होता. मातीचा थर बदलला की प्राध्यापकांच्या आधी त्याला कळायचा. एके दिवशी तो खड्ड्यात खणत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, काठावर बसून मी मोजमाप लिहीत होतो. भिंत पडताना आवाज झाला नाही. धान्याचं पोतं कलंडावं तशी ती आत झुकली. मातीबाहेर फक्त त्याचा मनगटापर्यंतचा हात राहिला होता. बोटं उघडत होती, मिटत होती. मी तो हात धरला नाही. मी मागे सरकलो. लोकांनी धावत येऊन माती उपसली तोवर बोटं थांबली होती.

ठकूबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती, पाट्या वाहायची. पुढच्या हंगामात बापाची कुदळ घेऊन ती कामावर आली. त्यानंतर शंभरेक खड्ड्यांत ती उतरली असेल. त्यातल्या पुष्कळ खड्ड्यांत तिला मीच उतरवलं होतं, आणि स्वतः काठापासून चार हात लांब उभा राहिलो होतो.

रविवारी सकाळी मी घराच्या मागच्या ओट्यावर खापऱ्या धुवायला बसलो. जुना दात घासायचा ब्रश, पाण्याचं घमेलं, खड्ड्यांचे आकडे लिहिलेल्या कापडी पिशव्या. हे काम मला आवडतं. खापऱ्या बोलत नाहीत आणि हसत नाहीत. सातव्या पिशवीत जेमतेम मूठभर होत्या. त्यातल्या एकीवर ब्रश फिरवला आणि माझा हात थांबला.

मडक्याच्या तोंडाचा तुकडा होता तो. तांबडा, वर काळ्या रेघा. तीन हजार वर्षांपूर्वीचं काम. पण मला दिसत होती ती त्याची कड. जुनी फुटलेली कड मळकट असते, झिजून गोल होते. ही कड लख्ख होती, तांबडी, नुकत्याच चिरलेल्या पेरूसारखी. हे मडकं शनिवारी दुपारपर्यंत अख्खं होतं. ठकूबाईच्या कुदळीने ते फुटलं होतं. बाकीचं मडकं अजून तिथंच होतं.

तुकड्याच्या आतल्या अंगाला माती चिकटली होती. ती बोटाने सोडवली तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं पाण्यात पडलं. मी ते तळव्यावर घेतलं. दुधाचा दात होता. हिरडीतून बाहेरही न आलेला.

त्या काळी इथली माणसं दगावलेलं मूल घराबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात मूल ठेवत आणि घरातच, जमिनीखाली पुरत. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होतो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. लोहोकऱ्यांच्या घरी फोन लावायला दोनदा कोपऱ्यावरच्या बूथपर्यंत गेलो. पहिल्यांदा रांग होती म्हणून परतलो. दुसऱ्यांदा रांग नव्हती, तरी परतलो. काय सांगणार होतो? अहवाल खोटा आहे? मी खोटं लिहिलं? कॉलेजात कळलं असतं, गावात कळलं असतं. आणि समजा सांगितलं, तर ते म्हणणार, उतरा आणि दाखवा. या शेवटच्या गोष्टीची भीती बाकीच्या सगळ्यांहून मोठी होती. डोळे मिटले की उघडणारी-मिटणारी बोटं दिसत.

सोमवारी पहिल्या एसटीने हिंगणीला उतरलो. पाय टेकाडाकडे चालत होते, पण मनात एकच प्रार्थना होती. खड्डा बुजवलेला असू दे. मग कोणाच्याच हातात काही उरणार नाही.

खड्डा उघडा होता. काठाशी ठकूबाई बसली होती. शेजारी कुदळ, दोराचं वेटोळं, भाकरीचं फडकं.

"बुजवला नाय म्या," ती म्हणाली. "म्हणलं सर येतील."

"आणि नसतो आलो तर?"

"तर दुपारच्याला बुजवला आसता. मला काय, माती लोटायची."

तेवढ्यात गाडीरस्त्याने पोकलेन धडधडत आलं. त्याच्यामागे लोहोकऱ्यांची जीप. ते उतरले, गॉगल कपाळावर सरकवला. "काय सर, उद्घाटनाला आलात का? नारळ विसरलात."

मी बोलायला लागलो. पहिलं वाक्य बाहेर आलं ते इतकं हळू, की पोकलेनच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. लोहोकऱ्यांनी हात वर करून मशिन बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत मला म्हणावं लागलं, "सात नंबरच्या खाली दफनं आहेत. लहान मुलांची."

"कोण म्हणतं?"

"मी."

"अहो, परवाच तुम्ही लिहून दिलंत ना, काही नाही म्हणून? तळ स्वतः पाहिला म्हणून?" ते हसत होते, पण गॉगल पुन्हा डोळ्यांवर आला होता. "वर पाठवायची म्हणून मी ती फाइल बंद करून जीपमध्ये ठेवलीय, सर. असं हवेत बोलून काम थांबवता येत नाही. मशिन तासाभर थांबवतो. दाखवा."

ठकूबाई उठली. पदर खोचला, कुदळ उचलली आणि पहिल्या खोबणीत पाय टाकायला वळली. तिच्या पाठीमागच्या भिंतीत मला एक भेग दिसली. शनिवारी ती नव्हती. दोन दिवस ऊन खाऊन माती सुटली होती. काठापासून खाली कंबरेइतक्या खोलीपर्यंत भेग गेली होती, बोट जाईल इतकी रुंद.

"ठकूबाई, थांबा."

"आता काय?"

"मी उतरतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने भलत्याच भाषेत काही विचारावं. मग काही न बोलता दोर उचलला, माझ्या कंबरेला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "लोहोकरे सायेब, तुम्ही मागं व्हा. तुमच्या वजनानं काठ बसंल," ती म्हणाली. दोराचं टोक तिने स्वतःच्या कंबरेभोवती घेतलं आणि टाचा रोवल्या.

पाच खोबण्या होत्या. तिसऱ्या खोबणीशी माझं डोकं जमिनीच्या खाली गेलं आणि पाय थिजले. मी वर चढू शकत नव्हतो, खाली उतरू शकत नव्हतो. भिंत नाकासमोर होती, तिचा दमट वास येत होता. श्वास घेतला की छाती भिंतीला लागायची. भेगेतून बारीक मुळं लोंबत होती. एक हलत होतं. वाऱ्याने, की माती सरकत होती म्हणून, ते मला सांगता आलं नसतं.

"सर, आमची शेळी काल व्याली," ठकूबाई वरून म्हणाली.

मी भिंतीला चिकटून राहिलो.

"दोन पिलं झाली. एक धट्टंकट्टं हाय. दुसरं जरा घाबरट. आईच्या पोटाखालनं बाहीरच येत नाय. म्या त्याचं नाव मास्तर ठिवलंय."

मला हसू आलं असतं तर पडलो असतो. पण पाय एक खोबण खाली गेला.

"पुढं?" मी म्हणालो.

"पुढं काय, रात्रभर मास्तर वरडतंय. थोरल्या सुनंनं त्याला चुलीम्होरं निजवलं. आता सुनंचंच दूध प्यायचं राहिलंय."

"बोला. थांबू नका."

ती थांबली नाही. शेळी संपली, मग सुनेची आई, मग गावच्या गिरणीवाल्याचं लग्न. मूठभर माती माझ्या कॉलरमधून पाठीवर घरंगळली तेव्हा मी ओरडलो. तिने दोर ताणला आणि त्याच सुरात सांगत राहिली, की गिरणीवाल्याची वरात चिखलात रुतली. माझे पाय तळाला टेकले.

कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलो. खिशातली लहान थापी काढताना ती दोनदा खाली पडली. माती मऊ होती. चार बोटं माती काढल्यावर मडक्याची पाठ लागली, मग दुसऱ्याची. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एकाची कड फुटलेली होती, आणि त्या फटीतून कोंबडीच्या पिलाच्या असाव्यात एवढ्या बारीक बरगड्या दिसत होत्या. मी समोरच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. तोही बोलला. तिसराही.

"सर? गप का झाला?"

"लेकरू आहे, ठकूबाई. बरीच आहेत."

तिचा आवाज आला, वेगळा. "मंग झाका त्याला. ऊन लागंल."

तिने डोक्यावरची चुंबळ सोडली आणि ते कापड खाली टाकलं. मी मडक्यांवर पसरलं.

मला वर ओढलं तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून राहिलो. बराच वेळ उठवेना. लोहोकरे सावकाश पोटावर सरपटत काठाशी गेले, खाली पाहिलं आणि तसेच मागे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काम थांबवतो," ते म्हणाले. "रेघ बदलावी लागली तर बदलू. ते माझ्याकडे. पण कागद कसा करायचा ते आधी बोलू." त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाइल उघडली. "तुम्ही उतरला नव्हतात असं लिहिलंत, तर मीही समक्ष पाहिलं नाही असं होतं. खाली माझी सही आहे. तेव्हा असं लिहा: अधिक खात्रीसाठी सल्लागाराने स्वतःहून केलेल्या फेरतपासणीत दफने आढळली. यात खोटं काय आहे? तुम्ही आलातच ना स्वतःहून?"

ते पेन शोधत होते. वाऱ्याने फाइलची पानं मागे उलटली. समोर माझ्या नेमणुकीची टिपणी आली, लोहोकऱ्यांच्याच हातची. मी बोट लावून पान धरलं आणि वाचलं. तीन अर्जदारांची नावं, शिक्षण, अनुभव. अनुभवात मी शेवटचा होतो. माझ्या नावापुढे शिफारशीची एकच ओळ होती. 'स्वभावाने भित्रे. कामात अडथळा आणणार नाहीत.'

त्यांनी पान उलटवलं आणि पेन पुढे केलं. "लिहा सर."

ठकूबाई दहा पावलांवर दोराचं वेटोळं करत होती. तिचा तळहात दोराने कापला होता. ती आमच्याकडे बघत नव्हती.

मी लिहिलं. अधिक खात्रीसाठी सल्लागाराने स्वतःहून केलेल्या फेरतपासणीत. अक्षर चांगलं आलं.

रस्ता साठ मीटर दक्षिणेकडे सरकला. पांढरीवर पुढे रीतसर उत्खनन झालं. फळ्या लावून. मडक्यांच्या एकवीस जोड्या निघाल्या. मला मात्र नाव मिळालं. ज्या सल्लागाराने स्वतःचा अहवाल स्वतः फिरवला, तो माणूस. त्यानंतर अकरा रस्त्यांवर आणि एका रेल्वेमार्गावर माझी नेमणूक झाली. पुढच्याच टिपणीत लोहोकऱ्यांनी माझ्या नावापुढे 'निर्भीड' लिहिलं होतं. त्यांनीच मला ते हौसेने दाखवलं. प्रत्येक खड्ड्यात मी आधी उतरत असे. प्रत्येक वेळी तिसऱ्या खोबणीशी पाय थिजत, आणि वरून कोणीतरी बोलत राहावं लागे. लोक त्याला माझी लकब म्हणत.

सल्लागार नेमण्याच्या करारात मी आग्रह धरून एक अट घालायला लावली. अट क्रमांक चौदा. सल्लागाराने प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरून तळ तपासावा. भिंतींना आधार दिल्याशिवाय कोणालाही पाच फुटांखाली उतरवू नये. ती आजही आहे.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात खात्यातून फोन आला. नवी मार्गदर्शिका छापताहेत. चौदाव्या अटीला माझं नाव द्यायचं आहे, आणि ती कशी सुचली यावर अर्धं पान हवं आहे. मी चारदा लिहिलं, चारदा फाडलं. पाचवा कागद खिशात घालून परवा हिंगणीला गेलो.

ठकूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. आता नजर कमी झालीय, आवाजावरून ओळखते. मी अट वाचून दाखवली. ती 'बरं' म्हणाली. मग मी कागद काढला. त्या सोमवारी पहिल्या एसटीने ज्या भीतीने आलो होतो, तीच भीती होती.

"वाचा की," ती म्हणाली. "का परत तीन खोबण्यांवर आडकला?"

मी वाचलं. "खड्डा क्रमांक सातमध्ये मी उतरलो नव्हतो. उतरलो असं लिहून दिलं. मी भ्यालो होतो. त्या खड्ड्यात ठकूबाई येसू साबळे उतरल्या होत्या. तळ पोकळ आहे हे त्यांनी ओळखलं. मी नाही म्हणालो. त्यांच्या वडिलांचा हात मी धरला नव्हता, आणि तरी सत्तावीस वर्षं त्यांना एकटीला खाली पाठवत राहिलो."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. तिचा अंगठा तळहातावरच्या जुन्या वणावरून फिरत होता.

"आन् दोर?" ती म्हणाली.

"काय?"

"दोर कुणी धरला व्हता, ते नाय लिवलं."

"लिहितो."

"आत्ता लिवा. घरी गेल्यावर तुमचं काय खरं नाय."